लेकीच्या चित्रात माझी पाठ आहे

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही मूळचे सांगलीचे, आता बरीच वर्षं न्यू जर्सीत आहोत. मुलगी इथेच जन्मली, यंदा अकरावीत आहे. शाळेत तिने चित्रकलेचा एपी कोर्स (शाळेतच शिकायचा कॉलेजच्या पातळीचा अभ्यासक्रम) घेतलाय. त्यात वर्षभर एकच विषय धरून काम करत राहायचं असतं. तिने विषय घेतला, ‘एशियन-अमेरिकन म्हणून मी आणि माझा वारसा’. ऐकून मला इतकं बरं वाटलं! मी हौसेने वारलीची पुस्तकं दिली, लग्नातले नऊवारीतले फोटो काढून दिले, घरच्या गणपतीच्या आराशीचे दिले. तिने सगळं नीट रचून कपाटावर ठेवून दिलं.

तिने काय काढलं, तर भारतात जायच्या आदल्या रात्री वजनकाट्यावर चढवलेल्या बॅगा. दह्याच्या रिकाम्या डब्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवलेली आमटी-भाजी. आणि एक मोठं चित्र, ज्यावरून सध्या घरात धुसफूस चालू आहे.

२०२१ च्या मे महिन्यात माझी आई सांगलीत देवाघरी गेली. माझ्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला, तिकडे अमेरिकी वकिलातींचं काम ठप्प. गेले असते तर परत कधी येता येईल याचा भरवसा नव्हता. गेले नाही. अंत्यविधी फोनवर पाहिला, भावाने लांबून फोन धरला होता. लेक तेव्हा बारा वर्षांची. वर झोपलीय असं मी धरून चालले होते. चित्रात मी आहे, पाठमोरी, ओट्याशी उभी, गाऊनवर नवऱ्याचा स्वेटर, केस तसेच. फोन तांदळाच्या डब्याला टेकवलेला. मायक्रोवेव्हवरच्या घड्याळात ३:४०, आणि फोनच्या एवढ्याशा चौकोनात भर दुपारचं ऊन.

मे महिन्यात शाळेत एशियन-अमेरिकन मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन आहे. शिक्षिकेने नेमकं हेच चित्र निवडलं. यजमान म्हणतात, घरातलं दुःख चव्हाट्यावर कशाला? सासूबाई म्हणतात, पोरीला आपलं म्हणून काही राहिलंच नाही. आणि मलाही प्रश्न पडतो, आपण एशियन कुठे? इथे एशियन म्हणजे चिनी, जपानी, कोरियन. आपण भारतीय, मराठी. मी तिला ते चित्र मागे घ्यायला सांगू का? शिवाय ती आता आर्ट कॉलेजचं बोलायला लागलीय, त्याचंही सांगा.

– एक आई, न्यू जर्सी

सप्रेम नमस्कार.

प्रदर्शन तोंडावर आलंय, म्हणून चित्राचं आधी सांगते. ते मागे घ्यायला सांगू नका. मात्र भिंतीवर लागण्याआधी लेकीशी त्या पहाटेबद्दल बोला, आणि चित्रातली बाई म्हणून तुमचं जे म्हणणं असेल ते तिला स्पष्ट सांगा. तो तुमचा हक्क आहे. आई म्हणून हुकूम सोडणं वेगळं आणि जिचं चित्र काढलंय ती व्यक्ती म्हणून बोलणं वेगळं. तुम्ही दुसरं करावं असं मला मनापासून वाटतं.

आता ते चित्र. यजमानांना त्यात घरातलं दुःख दिसतं, आणि ते आहेच. पण तुमच्या लेकीने काय काय टिपलंय ते बघा. स्वेटर कुणाचा होता हे तिला आठवतंय. फोन कशाला टेकवला होता तेही. घड्याळातले आकडे आणि फोनमधलं ऊन तिने एकाच चौकटीत आणलंय. न्यू जर्सीत पहाट, सांगलीत दुपार आणि मधे तुम्ही उभ्या. शाळेने दिलेल्या कामाचं याहून नेमकं उत्तर मला सुचत नाही. आजी फोनच्या पडद्यावर भेटते, महत्त्वाचे फोन नेहमी रात्री-अपरात्री येतात, फोन वाजला की आईचा चेहरा आधी उतरतो आणि मग ती उचलते, अशा घरात ती वाढली. गणपतीची आरास वर्षातून काही दिवस असते. हे तिने बारा महिने पाहिलंय.

आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रात आहे, पण तुम्ही ती ओझरती लिहिलीय. हे चित्र काढायचं तर तिने ते पाहिलेलं असणार. म्हणजे ती झोपली नव्हती, जिन्यात कुठेतरी उभी होती आणि खाली आली नाही. तुम्हाला एकटीला राहू द्यावं असं वाटलं असेल, किंवा भीती वाटली असेल. तिचीही आजी गेली होती. तुम्ही तिच्यासमोर रडला नाहीत, तिने तुम्हाला काही विचारलं नाही, आणि इतक्या वर्षांनी ते कागदावर-कॅनव्हासवर आलं. चित्र लावायचं की नाही याची चर्चा त्यानंतरची. आधी तिला विचारा, तू कुठे उभी होतीस, तुला काय ऐकू येत होतं, खाली यावंसं वाटलं होतं का. आणि तुम्हाला त्या वेळी काय होत होतं ते तिला सांगा. ‘लोक काय म्हणतील’ हा शब्द त्या बोलण्यात येऊ देऊ नका. तो आला की मुलं दार लावून घेतात.

वारलीच्या पुस्तकांबद्दल तुम्हाला थोडं वाईट वाटलंय, हे कळतं. आपण मोठ्या प्रेमाने काही द्यावं आणि ते कपाटावर जावं, हे लागतंच. पण विचार करा, सांगलीच्या तुमच्या माहेरी वारली चित्रं कुणी काढत होतं का? ती पालघर-डहाणूकडच्या वारली आदिवासींची. लग्नाच्या वेळी सवाष्णी कुडाच्या, शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, मधे पालघाट देवी असते, आणि तो चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. जिव्या सोमा म्हशे यांनी ही चित्रं कागदावर आणली, जगभर नेली आणि सरकारने त्यांना पद्मश्री दिली, याचा प्रत्येक मराठी माणसाला अभिमान आहे. पण वारली ही त्या समाजाची पूजेतली गोष्ट आहे. ‘भारतीय वारसा’ म्हणून ती कुणाच्याही वहीत उतरवली की छान दिसते, एवढंच होतं. तुमच्या लेकीने ती पुस्तकं फेकली नाहीत, रचून ठेवली. हे आपण पाहिलेलं नाही, आपलं नाही, एवढं तिला कळलं असावं. मला तिच्या या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटतं.

आता ‘आपण एशियन कुठे?’ हा प्रश्न. दिसण्या-बोलण्यावरून पाहिलं तर सांगलीच्या आणि कोरियातल्या सोलच्या माणसात काय सारखं? फारसं काही नाही. पण अमेरिकेच्या कायद्याने या सगळ्यांना एका दोरीत बांधलं, आणि तो इतिहास तुमच्या ओट्यापर्यंत येतो. १८८२ मध्ये चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा झाला. १९१७ मध्ये आशियाचा मोठा पट्टाच ‘प्रवेश बंद’ ठरवला, त्यात हिंदुस्थान होता. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद या पंजाबी गृहस्थांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे गोरे नाहीत, म्हणून यांना नागरिकत्व नाही. आधी मिळालेलं नागरिकत्वही मग कित्येक हिंदी माणसांकडून काढून घेतलं गेलं. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं, वर्षाला फक्त शंभर माणसांना. खरं उघडलं ते १९६५ च्या कायद्याने, आणि आपली डॉक्टर-इंजिनियर मंडळी तिकडे गेली ती त्यानंतर. जनगणनेचं तर असं, की १९२० ते १९४० या काळात तिथल्या हिंदी माणसाचा वंश ‘हिंदू’ लिहीत, मग तो शीख असो की मुसलमान. १९७० मध्ये तुम्ही गोऱ्यांत मोजल्या गेल्या असतात, आणि १९८० मध्ये एशियन लोकांत. आजही नोकरीच्या वाटेने मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांची मर्यादा आहे, आणि म्हणून भारतीयांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही.

त्या रात्री तुम्हाला सांगलीला का जाता आलं नाही, याचं उत्तर या यादीत आहे. कुणी यायचं, कुणी जायचं, कुणी परत यायचं, हे दुसऱ्याने ठरवायचं. १९१० ते १९४० या काळात सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एंजल बेटावर अडकवून ठेवलेल्या चिनी माणसांनी बराकीच्या लाकडी भिंतींवर कविता कोरल्या. त्या अजून तिथे आहेत. घरापासून तुटलेपणाच्या, आईवडिलांच्या आठवणीच्या. तुमच्या लेकीने तोच विषय काढलाय, तिला कुणी शिकवलेलं नसताना. तेव्हा ती एशियन-अमेरिकन म्हणून चित्र काढते आणि सांगलीची नात म्हणूनही काढते. यातलं एक घेतलं म्हणून दुसरं सुटत नाही.

शिवाय ‘एशियन-अमेरिकन’ ही ओळख विद्यार्थ्यांनीच घडवलीय. १९६८ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात युजी इचिओका आणि एमा गी यांनी वेगवेगळ्या देशांच्या मुलांची एक संघटना उभी केली आणि हे नाव घेतलं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात काळ्या, लॅटिनो, आदिवासी आणि आशियाई विद्यार्थ्यांचा संप झाला तो पुढच्या मार्चपर्यंत चालला. आमचा इतिहास अभ्यासक्रमात हवा, ही त्यांची मागणी होती. आता तुमच्या न्यू जर्सीतच जानेवारी २०२२ मध्ये कायदा झालाय की शाळांनी हा इतिहास शिकवायचा. लेकीच्या शाळेतलं प्रदर्शन याच वाटेने आलंय. अमेरिकेत मे हा एशियन-अमेरिकन वारशाचा महिना मानतात. मे महिनाच का, तर १८४३ च्या मे महिन्यात पहिला जपानी माणूस अमेरिकेत पोचल्याची नोंद आहे, आणि १८६९ च्या मे महिन्यात देशाच्या पूर्वेला पश्चिमेशी जोडणारा तो रेल्वेमार्ग पुरा झाला ज्यासाठी हजारो चिनी मजूर राबले होते.

आता तीन कलावंत स्त्रियांबद्दल सांगते. लेकीला हे ठाऊक असेलही, पण मला ते तुम्हालाच सांगायचंय.

रूथ असावा (असावा हे तिचं जपानी आडनाव) १९२६ साली कॅलिफोर्नियात जन्मली. आईवडील जपानमधून आलेले शेतकरी. जपान्यांना जमीन विकत घ्यायला तिथल्या कायद्याची मनाई, म्हणून दुसऱ्याच्या जमिनीवर भाजीपाला काढायचे. रान सपाट करणाऱ्या घोड्याच्या अवजारावर मागे बसून ही पोर पाय खाली सोडायची आणि मातीत वळणावळणाच्या रेघा उमटत जायच्या. १९४२ मध्ये युद्धामुळे सरकारने सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या माणसांना घरादारातून उठवून छावण्यांत डांबलं, त्यातले बहुतेक जन्माने अमेरिकी नागरिक. असावांच्या वडिलांना त्याआधीच पकडून नेलं होतं. बाकीच्या कुटुंबाची रवानगी सांता अनिताच्या रेसकोर्सवर झाली, घोड्यांच्या तबेल्यात. तिथे डिस्नेत काम केलेले काही जपानी-अमेरिकी चित्रकारही कैदेत होते, ते मुलांना चित्रकला शिकवायचे. ही शिकली. पुढे शिक्षिका व्हायचं होतं, पण जपानी वंशाची म्हणून सराव-पाठ घ्यायला शाळा मिळेना आणि पदवी राहिली. मग मेक्सिकोत तिने तारेच्या टोपल्या विणायची पद्धत पाहिली आणि त्याच विणीतून ती शिल्पं केली ज्यांनी तिचं नाव झालं. छताला टांगलेली, आरपार दिसणारी, एकाच्या पोटात दुसरा आकार. त्यांत ना चेरीची फुलं, ना किमोनो. तिने स्वतः सांगितलंय की ते आकार मातीतल्या त्या रेघांतून आले. शेतातली एक संध्याकाळ एवढ्या लांब जाते. पुढे १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सरकारी शाळेत तिने मुलांसाठी कलेची कार्यशाळा सुरू केली, आणि आज त्या शहरातल्या सरकारी कला-शाळेला तिचं नाव आहे.

माया लिन ओहायोत वाढली, आईवडील चीनमधून आलेले. १९८० मध्ये ती येल विद्यापीठात शिकत असताना व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांच्या स्मारकाची स्पर्धा निघाली. तिने वर्गातल्या अभ्यासासाठी केलेलं कामच पाठवलं. १,४२१ आराखडे आले होते, सगळ्यांवर फक्त क्रमांक, नाव नाही. एकवीस वर्षांच्या मुलीचा आराखडा निवडला गेला. निकालानंतर ती कोण आहे हे कळलं आणि तिच्या वंशावरून नको ते बोललं गेलं. तिने काय काढलं होतं? जमिनीत उतरत जाणारी काळ्या दगडाची भिंत आणि त्यावर मेलेल्यांची नावं, मृत्यूच्या क्रमाने. लोक तिथे येतात, नावावर बोट ठेवतात, रडतात. घरचं दुःख चारचौघांत यावं की नाही, या तुमच्या यजमानांच्या प्रश्नाला वॉशिंग्टनमधली ती भिंत रोज उत्तर देते.

शाहझिया सिकंदर तर तुमच्या लेकीच्या कामाच्या अगदी जवळची. लाहोरच्या नॅशनल कॉलेज ऑफ आर्ट्समध्ये १९८९-९० साली पदवीसाठी तिने लघुचित्रशैलीत पाच फुटांहून लांब एक पट केला. त्या वेळी लघुचित्र म्हणजे पर्यटकांना विकायची जुनाट गोष्ट, असं तिथे बरेच जण मानत. तिने त्याच शैलीत आपलं घर काढलं, दालनामागून दालन, घरातली माणसं, रोजची कामं. आणि त्या सगळ्यातून पांढऱ्या कपड्यांतली एक मुलगी फिरत राहते, तिचा चेहरा दिसत नाही. विद्यार्थिनीच्या त्या पटाने लघुचित्रांकडे बघायची दृष्टी बदलली. पुढे ती अमेरिकेत शिकायला गेली आणि तिथलीच झाली. तुमच्या लेकीने तुमची पाठ का काढली असेल, चेहरा का नाही, हे मला तो पट आठवून थोडं कळलं. चेहरा काढला असता तर तो फक्त तुमचा राहिला असता. पाठ बघताना माणूस तुमच्या मागे उभा राहतो आणि तुम्ही पाहताय तेच पाहू लागतो. तिने तुम्हाला उघडं पाडलेलं नाही, ताई. मला तर वाटतं, तिने तुम्हाला फार जपून काढलंय.

आता तुम्ही काय करायचं. विषय सुचवू नका, साहित्य द्या. वर्षभर एक शोध धरून काम करणाऱ्या मुलीला चित्रात काय दाखवायचं हे सांगणाऱ्या माणसांची गरज नसते, तिला खाणाखुणा लागतात, आणि त्या फक्त तुमच्याकडे आहेत.

एखाद्या रविवारी मोठा कागद घ्या आणि सांगलीच्या घराचा नकाशा तिच्यासमोर काढा. चित्र यायला हवं असं नाही. दार कुठे, सोपा कुठे, माजघर, देवघराचा कोनाडा, न्हाणीघरातला बंब, परसातली तुळस, आजी दुपारी कुठे पडायची, पुराचं पाणी आलं तर कुठवर आलं. बोलत बोलत काढा, तिला प्रश्न विचारू द्या. अलीगढमध्ये जन्मलेल्या झरीना या चित्रकार न्यू यॉर्कला बसून हेच करत राहिल्या. माहेरच्या घराचे नकाशे, उंबरे, दारं, आणि प्रत्येकाखाली उर्दूतला एकेक शब्द. त्यांची १९९९ सालची छत्तीस काष्ठमुद्रांची (लाकडी ठशांनी छापलेल्या चित्रांची) मालिका लेकीला जरूर दाखवा.

आईच्या लुगड्यांची गोधडी घरात असेल तर ती तिच्या हातात द्या. घडी घालून कपाटात ठेवण्यापेक्षा तिच्या टेबलावर जाऊ दे. उलटी करून दाखवा. वरच्या अंगाला धावदोरा सरळ दिसतो, आणि आतल्या थरात कुठलं लुगडं कुठे गेलं ते कडेच्या उसवलेल्या जागेतून कळतं. इथे आजीचं डोळ्यांचं पाणी वाहायला लागलं तेव्हा टाके मोठे झाले, इथे मामीने हात लावला. हे तुम्हालाच ओळखू येईल. तिने त्याचं चित्र काढावं अशी अपेक्षा ठेवू नका. कधी वीस वर्षांनी ते कशात उतरेल सांगता येत नाही, आणि नाही उतरलं तरी तिने ते हाताळलेलं असेल.

आणि एक गाडीने होण्याजोगी गोष्ट. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या, चिनी बंदीच्या कायद्याला तेव्हा वर्षच झालं होतं. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातला १८८५ सालचा एक फोटो आहे. नऊवारीतल्या आनंदीबाई, जपानी पोशाखातल्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लाम्बुली, तिघी विद्यार्थिनी शेजारी शेजारी. ‘एशियन’ या शब्दाला अमेरिकेत आजचा अर्थ येण्याच्या कितीतरी आधी तिघी आशियाई मुली एका कॅमेऱ्यापुढे बसल्या आणि त्यातली एक मराठी बोलणारी होती. आनंदीबाई १८८६ मध्ये पदवी घेऊन परतल्या आणि पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या अस्थी न्यू यॉर्क राज्यातल्या पोकीप्सीच्या दफनभूमीत, ज्या कार्पेंटर कुटुंबाने त्यांना घरात ठेवून घेतलं होतं त्यांच्या जागेत आहेत. तुमच्याकडून एका दिवसात जाऊन येता येईल. लेक, तुम्ही आणि जमलं तर सासूबाई. त्यांना पोरीला आपलं काही राहिलं नाही असं वाटतंय ना, मग त्यांनीच तिथे नातीला आनंदीबाईंची गोष्ट सांगावी. आपलं काय ते सांगायला कुणीतरी लागतं, आणि घरात त्यांच्याइतकं जाणतं दुसरं कुणी नाही.

एका बाबतीत मात्र मी थोडी सावध आहे. अमेरिकेतल्या शाळांत, स्पर्धांत, कॉलेजच्या प्रवेशात स्थलांतरितांच्या मुलांकडून दुःखाची गोष्ट ऐकायची सवय लागलीय. वर्गात डब्याला वास येतो म्हणून हसले, आजी परदेशी, आईचे उच्चार वेगळे. या गोष्टी खऱ्या असतात, पण परीक्षकांना काय आवडतं हे मुलांना लवकर कळतं आणि मग ती तेच काढू लागतात. तुमच्या लेकीच्या वजनकाट्यावरच्या बॅगा मला म्हणूनच फार आवडल्या. त्यात तक्रार नाही, लगबग आहे. तेवीस किलोंत काय काय बसवायचं याची सगळ्या घराला लागलेली ती चिंता प्रत्येक मराठी घराने अनुभवलीय आणि चित्रात आणलेली मी तरी पाहिलेली नाही. तिला एवढंच विचारा, हे मोठं चित्र तुला लावायचंय की बाईंना हवंय म्हणून लावतेयस? तिचं उत्तर ‘मला’ असेल तर माघार घेऊ नका. ती अडखळली तर तिच्या बाजूने शिक्षिकेशी बोला आणि बॅगांचं चित्र सुचवा.

प्रदर्शन आणि एपीचं काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यजमानांना सांगा. एपीला पंधरा छायाचित्रांचा एक संच जातो, कामाच्या टप्प्यांसकट, त्याला साठ टक्के गुण, आणि निवडक पाच कामांना चाळीस. सोबत शोध कसा झाला हे थोडक्यात लिहायचं असतं. ते परीक्षक पाहतात. शाळेच्या भिंतीवरचं चित्र मात्र शेजारपाजारचे, मराठी मंडळातले, ऑफिसातले सगळे पाहणार. तेव्हा चित्राखालच्या चिठ्ठीत काय असावं हे तुम्ही तिघांनी बसून ठरवा. तुमचं नाव नको असेल तर नको. व्हिसाचा उल्लेख नको असेल तर तोही नको, आणि मला तर तो नसावा असंच वाटतं, तुमचे कागद अजून कुठे अडकलेले असतील तर विशेष. शाळा फोटो काढून इंटरनेटवर टाकणार असेल तर त्याला वेगळी परवानगी लागते, ती द्यायची की नाही हे तुमच्या हातात आहे. चिठ्ठीत आजीचं नाव आणि ‘सांगली’ एवढं असलं तरी पुरे. एवढ्या अटी लेक नक्की मानेल, कारण त्या तिच्या चित्राला हात लावत नाहीत.

यजमानांनी मत देण्याआधी चित्रासमोर एकदा निवांत उभं राहावं, ही माझी त्यांना विनंती. त्यांचा स्वेटर आहे त्यात. त्यांची सासू गेली तेव्हा तेही त्याच घरात होते, आणि त्यांना तेव्हा काय वाटलं हे बहुधा कुणी विचारलं नसेल.

आर्ट कॉलेजचं आत्ताच ठरवायची घाई नको. नॅशनल पोर्टफोलिओ डे नावाचे मेळावे अमेरिकेत भरतात, तिथे कलाशाळांची माणसं मुलांची चित्रं समोर बसून पाहतात आणि स्पष्ट सांगतात. तिला एकदा घेऊन जा, परक्या आणि जाणत्या डोळ्यांचं मत कानावर पडू दे. खर्चाचं, शिष्यवृत्तीचं तिच्यासमोरच उघड बोला, सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला ते कळतं. साध्या विद्यापीठात दुसऱ्या विषयाबरोबर कला शिकायचीही वाट असते, माया लिन त्याच वाटेने गेली. पण ‘हे छंद म्हणून ठीक आहे’ असं मात्र म्हणू नका. ज्या मुलीने ३:४० हे आकडे इतकी वर्षं जपून ठेवले, तिचं हे छंदाच्या पलीकडे गेलेलं आहे.

तुमचं तिच्याशी बोलणं झालं की मला कळवा. चित्राचा फोटो पाठवलात तर मला पाहायला फार आवडेल, पण आधी तिला विचारा.

तुमची,
ताई